दूध वगळण्याची दोन कारणे

‘व्हीगन’ आणि ‘प्लांट-बेस्ड’ हे दोन इंग्रजी शब्द गेल्या काही वर्षांत मराठी शहरांतील दुकानांत, उपाहारगृहांच्या खाद्यसूचीत आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यात शेजारीशेजारी दिसू लागले आहेत, आणि त्यामुळे ते एकाच अर्थाचे असावेत असा समज रूढ झाला आहे. या समजाला आधारही आहे. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या ताटात एखाद्या दुपारी ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि कांदा एवढेच असू शकते, आणि नुसत्या ताटाकडे पाहून जेवणारा कोणत्या विचाराचा आहे हे सांगता येत नाही. परंतु हे ताट असे का वाढले गेले, या प्रश्नाची दोघांची उत्तरे निराळी असतात. व्हीगन व्यक्ती कोणतीही वस्तू हाती घेताना असे विचारते की, ती तयार करण्यासाठी कोणत्या प्राण्याला राबवले, बांधले किंवा मारले गेले. वनस्पतिप्रधान आहार घेणारी व्यक्ती असे विचारते की, हे अन्न शरीराला आणि ज्या जमिनीवर ते पिकते त्या जमिनीला मानवेल का. पहिला प्रश्न नीतीचा असल्याने तो ताटापाशी थांबत नाही. दुसरा आहाराचा असल्याने त्याचे उत्तर प्रमाणात, म्हणजे ‘किती’ आणि ‘कितीदा’ या भाषेत मिळते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर नीतीच्या नावाखाली आरोग्याची अपेक्षा आणि आरोग्याच्या नावाखाली नीतीची अपेक्षा केली जाते, आणि दोन्ही ठिकाणी निराशा पदरी येते.

शाकाहाराची रेघ

मराठी वाचकाला हा विषय समजून घेताना एक अडचण येते, आणि ती म्हणजे ‘शाकाहार’ हा त्याच्या ओळखीचा शब्द या दोन्हींपैकी कशाशीच तंतोतंत जुळत नाही. भारतीय परंपरेत शाकाहाराची रेघ मांस, मासे आणि अंडी यांच्या अलीकडे ओढलेली आहे. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप ही या रेघेच्या आत आहेत, इतकेच नव्हे तर ती सात्त्विक मानली गेली आहेत. युरोप-अमेरिकेतील अनेक शाकाहारी लोक अंडी खातात, त्यामुळे तेथील रेघ आणखी निराळी आहे. जैन आहारात कंदमुळे आणि मध वर्ज्य असले तरी दूध परंपरेने चालते. उपवासाच्या दिवशी मराठी घरात धान्य, कांदा आणि लसूण वर्ज्य होतात, पण साबुदाण्याच्या खिचडीत तूप पडतेच. यांतील प्रत्येक रेघ आपापल्या तत्त्वानुसार ओढलेली आहे, आणि एका रेघेचे मोजमाप दुसरीला लावता येत नाही.

कायद्यानेही हीच पारंपरिक रेघ स्वीकारली. २००१ पासून वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर दिसणारा हिरवा ठिपका दूध व दुधाच्या पदार्थांना शाकाहारी मानतो. मध, मधमाश्यांचे मेण आणि लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारी लाखही त्यात बसते. त्यामुळे हिरवा ठिपका पाहून व्हीगन ग्राहकाला काहीच निश्चित कळत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांविषयी स्वतंत्र नियमावली काढली आणि त्यांना वेगळे बोधचिन्ह दिले. या नियमांनुसार व्हीगन पदार्थात प्राणिजन्य घटक तर नसावाच, पण मिश्रके, स्वाददर्शक द्रव्ये, विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, आणि प्रक्रियेत वापरून शेवटी काढून टाकली जाणारी साहाय्यक द्रव्येही प्राणिजन्य नसावीत. शिवाय तो पदार्थ प्राण्यांवरील चाचणीतून गेलेला नसावा. चाचणीची ही अट विशेष महत्त्वाची आहे, कारण चाचणीमुळे पदार्थाच्या चवीत किंवा पोषणात कणभरही फरक पडत नाही. केवळ आहाराचा विचार करणाऱ्या नियमात अशा अटीला जागाच नसती.

एका शब्दाचा जन्म

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ सालचा आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना आणि ब्रिटनमध्ये अन्नाची शिधावाटप पद्धत लागू असताना डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने काही सहकाऱ्यांसह ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली. ब्रिटनमधील शाकाहारी संस्था १८४७ पासून कार्यरत होती, पण दूध आणि अंडी यांच्या उत्पादनातही वासरांची व कोंबड्यांची हत्या अटळ असते, हा मुद्दा मांडणाऱ्या सदस्यांना तिच्या छत्राखाली स्वतंत्र गट म्हणून जागा मिळाली नाही. म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन नवा शब्द घडवला गेला. शाकाहाराचा विचार जेथून सुरू होतो तेथून तो शेवटपर्यंत न्यावा, असा त्यामागचा आशय होता.

आरंभी या गटाकडे आहाराचे नियम होते, पण तत्त्वाची व्याख्या नव्हती. ही त्रुटी १९४९ मध्ये लेस्ली क्रॉस यांनी दाखवून दिली, आणि माणसाकडून होणाऱ्या शोषणापासून प्राण्यांची मुक्तता हे या चळवळीचे तत्त्व असावे असे सुचवले. पुढे संस्थेने स्वीकारलेल्या व्याख्येचा गाभा असा आहे की, अन्न, वस्त्र किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी होणारे प्राण्यांचे शोषण आणि त्यांच्याशी होणारे क्रौर्य, शक्य आणि व्यवहार्य असेल तितके, टाळण्याचा प्रयत्न करणारे तत्त्वज्ञान व जीवनपद्धती म्हणजे व्हीगन विचार. या व्याख्येतील दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. तिच्यात अन्न हे अनेक क्षेत्रांपैकी एक आहे. आणि ‘शक्य व व्यवहार्य’ या शब्दांनी तिने परिपूर्णतेचा हट्ट बाजूला ठेवला आहे. आरोग्याचा उल्लेख मात्र या गाभ्यात नाही. व्हीगन आहाराने प्रकृती सुधारली तर ते उत्तमच, पण सुधारली नाही म्हणून तत्त्व चुकीचे ठरत नाही.

प्रयोगशाळेतून आलेला शब्द

‘प्लांट-बेस्ड’ या संज्ञेचे घराणे पूर्णतः वेगळे आहे. ती रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल यांना दिले जाते. १९८०च्या सुमारास, कर्करोग आणि आहार यांच्या संबंधाविषयी सहकारी वैज्ञानिकांपुढे बोलताना त्यांना असा शब्द हवा होता की, ज्याला नीतीचा किंवा चळवळीचा वास येणार नाही आणि चर्चा केवळ पुराव्यावर चालेल. स्वतः कॅम्पबेल व्हर्जिनियातील दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढले होते, आणि प्राणिज प्रथिने अधिक मिळाली की माणसाचे पोषण सुधारते, याच धारणेने त्यांचे काम सुरू झाले होते.

त्यांची दिशा बदलण्यात एका भारतीय संशोधनाचा वाटा आहे. १९६८ मध्ये हैदराबाद येथील पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी माधवन यांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. अफ्लाटॉक्सिन हे शेंगदाण्यावर किंवा मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष यकृताचा कर्करोग निर्माण करते. हे विष दिलेल्या उंदरांपैकी ज्यांच्या आहारात केसीन, म्हणजे दुधातील मुख्य प्रथिन, २० टक्के होते त्यांच्यात अर्बुदे वाढली, तर ज्यांना ते ५ टक्केच मिळाले त्यांच्यात ती दिसली नाहीत. कॅम्पबेल यांनी पुढे हाच धागा पकडून अनेक वर्षे प्रयोग केले आणि २००५ मध्ये ‘द चायना स्टडी’ या पुस्तकातून आपले निष्कर्ष सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवले. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि कॅम्पबेल यांच्या अनुमानांवर पुढे पुष्कळ टीकाही झाली. पण येथे लक्षात घ्यायची गोष्ट निराळी आहे. वनस्पतिजन्य आहाराची जी वैज्ञानिक मांडणी आज जगभर पसरली आहे, तिच्या पायाशी प्रयोगशाळेतील प्राणी आहेत. व्हीगन तत्त्वाला जे मान्य होणार नाही, त्याच मार्गाने हा दुसरा विचार जन्माला आला.

या इंग्रजी संज्ञेत आणखी एक संदिग्धता आहे. काहींच्या मते तिचा अर्थ ‘पूर्णपणे वनस्पतींपासून मिळालेला आहार’ असा होतो, तर काहींच्या मते ‘मुख्यतः वनस्पतींवर उभा असलेला आहार’ असा. मराठीत या दोन अर्थांसाठी दोन शब्द सहज उपलब्ध आहेत. ज्यात प्राणिजन्य काहीच नाही तो वनस्पतिजन्य आहार, आणि ज्यात धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे व तेलबिया यांचा वाटा प्रमुख असून दूध, अंडी किंवा मासे थोडे असू शकतात तो वनस्पतिप्रधान आहार. हा भेद पाळला तर निम्मा गोंधळ आपोआप मिटतो, कारण अनेक मराठी घरांतील रोजचे जेवण आधीपासूनच वनस्पतिप्रधान आहे, आणि ते व्हीगन मात्र नाही.

गांधीजींचे दूध

एकाच व्यक्तीच्या आयुष्यात हे दोन्ही विचार कसे गुंतू शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण महात्मा गांधींचे आहे, आणि तेही ‘व्हीगन’ हा शब्द जन्मण्यापूर्वीचे. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी आणि त्यांचे मित्र हरमन कॅलनबाख यांनी दूध सोडले. त्यामागे दोन कारणे होती. दूध हे विकार वाढवणारे अन्न असून संयमाच्या आड येते, असे त्यांचे मत बनले होते. हे कारण शरीराचे होते. त्याच सुमारास कलकत्त्यातील गवळी गायी-म्हशींचे उरलेसुरले दूध काढण्यासाठी ‘फुंका’ नावाची अत्यंत क्रूर पद्धत वापरतात, हे त्यांच्या वाचनात आले. हे कारण प्राण्याचे होते. या प्रथेला भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने स्वतंत्र कलम लावून बंदी घातली आहे.

पुढे भारतात परतल्यावर गांधीजी दीर्घ आजारी पडले. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण तेथे त्यांची प्रकृती सुधारली नाही, आणि अखेर डॉक्टर दलाल यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्याशिवाय अंगात शक्ती येणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. व्रत घेताना त्यांच्या मनात गाय आणि म्हैसच होती हे कळल्यावर जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचवले की, मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. गांधीजींनी ते मानले. मात्र आत्मकथेत त्यांनी कबूल केले की, व्रताचे अक्षर सांभाळले गेले आणि त्याचा आत्मा हरवला; ही बोच त्यांना कायम राहिली, आणि दुधाची जागा घेणारा वनस्पतिज पदार्थ कोणास ठाऊक असल्यास कळवावे, अशी त्यांची वाचकांना विनंती होती.

या प्रसंगात दोन्ही विचार आरशात पाहावे तसे स्पष्ट दिसतात. दूध सोडण्याचे कारण केवळ शरीराचे असते, तर आजारपणात ते पुन्हा घेणे हा उपचारातील साधा बदल ठरला असता आणि मनाला कसली टोचणी लागण्याचे कारण नव्हते. टोचणी लागली ती प्राण्याला दिलेल्या शब्दामुळे. आहार परिस्थितीप्रमाणे बदलता येतो. बांधिलकी तशी बदलता येत नाही, ती मोडली जाते किंवा पाळली जाते.

ताटाबाहेरची वाट

व्हीगन विचाराची व्याप्ती समजण्यासाठी स्वयंपाकघराबाहेर पडावे लागते. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण या दृष्टीने फार उपयोगी आहे. या चपलेचे कातडे पारंपरिक पद्धतीने कमावताना बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन वापरले जाते. म्हणजे प्रक्रिया वनस्पतींची आहे, तीत क्रोमियमसारखी घातक रसायने नाहीत, आणि पर्यावरणाचा विचार करणाऱ्या व्यक्तीला ती पसंत पडू शकते. पण मूळ वस्तू जनावराचे कातडे असल्याने व्हीगन व्यक्ती ती पायात घालणार नाही. उलट प्लास्टिकपासून केलेली नकली चामड्याची चप्पल व्हीगन व्याख्येत बसते, आणि पर्यावरणाच्या कसोटीवर मात्र उणी पडू शकते. येवल्याच्या पैठणीतील रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोष आतील किड्यासह उष्णतेत घातले जातात. तबल्याच्या पुडीला शेळीचे कातडे लागते. लाखेच्या बांगड्यांमागे असंख्य कीटक असतात. वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या गृहस्थाने पैठणीचे सोवळे नेसून तबला वाजवला, तर त्याच्या आहारनियमाला धक्का लागत नाही. व्हीगन व्यक्तीला मात्र यांतील प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचार करावा लागतो.

औषधांच्या दुकानात हा भेद आणखी सूक्ष्म होतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावरांची कातडी व हाडे यांपासून मिळते. ड-३ जीवनसत्त्व बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिन या मेणचट द्रव्यापासून तयार करतात. दगडफुलाच्या जातीतील वनस्पतिसदृश सजीवांपासून मिळणारे ड-३ आता उपलब्ध असले तरी ते मुद्दाम शोधावे लागते. अशा वेळी ‘शक्य व व्यवहार्य’ ही कसोटी कामी येते. दुसरा पर्याय नसेल तेव्हा आवश्यक औषध घ्यावे, आणि पर्याय असेल तेव्हा तो निवडावा, असा तिचा व्यवहारातील अर्थ आहे.

दोन्ही विचारांच्या सीमेवर उभे असलेले एक ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. इम्पॉसिबल फूड्स या कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या बर्गरमध्ये मांस नाही; सोयाबीनच्या मुळांतील लेगहिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन यीस्टच्या साहाय्याने तयार करून त्याला मांसाची चव आणि लाली दिलेली आहे. मात्र या नव्या घटकाची सुरक्षितता अमेरिकी अन्न व औषध प्रशासनापुढे सिद्ध करताना कंपनीने उंदरांवर चाचण्या केल्या, आणि संस्थापक पॅट्रिक ब्राउन यांनी हा निर्णय यातनादायक होता असे जाहीरपणे सांगितले. हा बर्गर वनस्पतिजन्य आहे याबद्दल वाद नाही. तो व्हीगन आहे काय, यावर व्हीगन लोकांतच दोन तट पडले.

न्यायालयीन पातळीवरही हा भेद पुढे आला आहे. जॉर्डी कासामित्याना यांना ब्रिटनमधील एका प्राणिहितवादी संस्थेने कामावरून काढले तेव्हा, संस्थेच्या निवृत्तिवेतनाचा पैसा प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या कंपन्यांत गुंतवला जात असल्याचे आपण सहकाऱ्यांना सांगितले म्हणून ही कारवाई झाली, असा त्यांचा दावा होता. संस्थेला तो मान्य नव्हता. जानेवारी २०२० मध्ये रोजगारविषयक न्यायाधिकरणाने प्राथमिक मुद्द्यावर असा निर्णय दिला की, नैतिक व्हीगन विचार हे २०१०च्या समानता कायद्याने संरक्षित असे तत्त्वज्ञानात्मक मत आहे. कासामित्याना यांनी केवळ आहारापुरते व्हीगन आणि नैतिक व्हीगन असा फरक मांडला होता. जे संरक्षण श्रद्धेला आणि विचारसरणीला मिळते, ते केवळ जेवणातील आवडीनिवडीला मिळत नाही, हे या प्रकरणातून सहज ध्यानात येते.

वनस्पती म्हणजे आरोग्य नव्हे

आता दुसऱ्या वाटेकडे वळावे. जे वनस्पतींपासून मिळते ते आरोग्याला हितकारकच असते, ही समजूत किती फसवी आहे हे मराठी भाषेतच दडलेले आहे. मराठी घरांत ‘वनस्पती’ हा शब्द दोन पिढ्यांपूर्वी ‘वनस्पती तूप’ या अर्थाने वापरला जाई. १९३७ मध्ये आलेल्या डालडा या छापाने ते घरोघर पोचवले. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केले जाई, आणि या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयविकाराचा धोका वाढवतात हे विज्ञानाला बऱ्याच उशिरा उमगले. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले व मेदांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. वनस्पती तूप मूळ अर्थाने वनस्पतिजन्य होते, त्यासाठी एकाही जनावराचे दूध काढावे लागत नव्हते, आणि तरीही आरोग्याच्या दृष्टीने ते साजूक तुपाला चांगला पर्याय नव्हते.

हीच गोष्ट २०१७ मध्ये अंबिका सतीजा आणि त्यांच्या हार्वर्डमधील सहकाऱ्यांनी दोन लाखांहून अधिक अमेरिकी आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकालीन नोंदींतून दाखवून दिली. त्यांनी वनस्पतिप्रधान आहाराचे दोन भाग केले: एकात अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे आणि कवचफळे, दुसऱ्यात मैदा, साखर, गोड पेये आणि तळलेले बटाटे. पहिल्या प्रकारचा आहार सर्वाधिक घेणाऱ्यांत हृदयधमनीच्या विकाराचा धोका तो सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. दुसऱ्या प्रकारचा आहार सर्वाधिक घेणाऱ्यांत तो सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक होता. असे निरीक्षणात्मक अभ्यास कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करत नाहीत, पण दिशा पुरेशी स्पष्ट करतात. वडापाव, बटाट्याचे वेफर आणि शीतपेय एवढ्यावर दिवस काढणारी व्यक्ती काटेकोर व्हीगन असू शकते. तिने आपल्या तत्त्वाशी प्रतारणा केलेली नाही. तिने आपल्या शरीराची काळजी मात्र घेतलेली नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न

दोन्ही वाटांवरील प्रवाशांना जो एक प्रश्न टाळता येत नाही, तो ब-१२ या जीवनसत्त्वाचा आहे. रक्तपेशींच्या निर्मितीसाठी आणि मज्जातंतूंच्या आवरणासाठी ते आवश्यक असते. कोणतीही वनस्पती किंवा कोणताही प्राणी ते स्वतः तयार करत नाही. ते जीवाणू तयार करतात. गायी-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जीवाणूंनी तयार केलेले ब-१२ दुधात आणि मांसात उतरते. प्रौढ माणसाला रोज २ ते २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशाच्या दुप्पट-अडीचपट, इतकेच ते लागते, आणि यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे कमतरता चोरपावलांनी येते: आधी थकवा, मग हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, विस्मरण. येथे इतिहासातील एक गोष्ट मन हेलावणारी आहे. ब-१२ शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले ते १९४८ मध्ये, व्हीगन सोसायटीच्या स्थापनेनंतर चार वर्षांनी. चळवळीच्या पहिल्या शिलेदारांनी आपल्या आहारात काय उणे आहे हे ठाऊक नसताना केवळ तत्त्वासाठी ती वाट धरली होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष जवळचा आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा त्यांतील ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले; हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच गटाच्या २००८ मधील एका अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांच्या शरीरात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती, सर्वाधिक दिसली. ही माणसे व्हीगन नव्हती. दूध घेणाऱ्या समाजातलीच होती. गायीच्या पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम ब-१२ मिळते, आणि आधीच काठावर असलेल्या शाकाहारी घरात तेही बंद झाले तर दुसरा कोणताच स्रोत उरत नाही. मांसाहारी घरातील व्यक्तीने आहार वनस्पतिप्रधान केला आणि आठवड्यातून दोनदा मासे ठेवले, तर तिची स्थिती पूर्ण वेगळी असते. म्हणून वैद्याने ‘प्लांट-बेस्ड आहार घ्या’ असे सांगितले, तरी तो सल्ला कोणत्या घरात दिला जात आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे. इडलीचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिना यांवर ब-१२साठी विसंबता येत नाही; पूरक गोळी किंवा मुद्दाम ब-१२ मिसळलेले खाद्यपदार्थ, हाच खात्रीचा मार्ग आहे.

कॅल्शियमची स्थिती त्या मानाने बरी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तीळही त्याबाबत संपन्न आहेत, मात्र त्यातील सर्व भाग शरीरात शोषला जात नाही. ब्रिटनमधील सुमारे ५५,००० व्यक्तींच्या ‘एपिक-ऑक्सफर्ड’ पाहणीत व्हीगन गटात हाडे मोडण्याचे प्रमाण मांसाहारी गटापेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक दिसले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. दुधाऐवजी काय प्यायचे, यातही निवड महत्त्वाची असते: सोयाबीनच्या दुधातील प्रथिने गायीच्या दुधाच्या जवळपास जातात, तर बाजारातील बदामाच्या दुधात पाणीच जास्त असते.

जमीन, हवा आणि सक्तीची भाकरी

पर्यावरण हे वनस्पतिप्रधान आहारामागचे दुसरे मोठे कारण आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून असे मांडले की, माणसाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातील सुमारे २६ टक्के वाटा अन्नव्यवस्थेचा आहे, आणि प्राणिजन्य अन्न पूर्णपणे वगळले तर शेतीला लागणारी जमीन ७६ टक्क्यांनी घटेल. याच काळजीतून २०१९ मध्ये ‘ईट-लॅन्सेट’ आयोगाने सुचवलेला आहार मात्र व्हीगन नाही. त्यात दिवसाला २५० ग्रॅम दुधाला आणि थोड्याशा मासे, अंडी व मांसाला जागा आहे. पृथ्वीचा हिशेब मांडणाऱ्याला प्रमाण घटवले तरी पुरते. प्राण्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याला ते पुरत नाही, कारण एका गायीचे दुःख सरासरीत विरघळत नाही.

या चर्चेत ‘जीवनशैली’ हा शब्द जपून वापरायला हवा. जीवनशैलीत निवड गृहीत असते. महाराष्ट्रातील कोरडवाहू भागात पिढ्यान्‌पिढ्या चटणी-भाकरीवर राबलेल्या मजुरांचा आहार वनस्पतिजन्यच होता, पण तो विचारपूर्वक निवडलेला नव्हता, आणि त्या घरातील लेकराला पेलाभर दूध मिळणे ही प्रगती होती. एक-दोन म्हशींच्या दुधावर घरखर्च भागवणाऱ्या शेतकरी बाईपुढे क्रौर्याचा मुद्दा मांडताना तिच्या उपजीविकेचा प्रश्नही त्याच गांभीर्याने मांडावा लागेल. जो विचार प्राण्याच्या वेदनेची दखल घेतो, त्याच्याकडून माणसाच्या अडचणीची दखल घेतली जाण्याची अपेक्षा रास्त आहे.

वरणभातावरची धार

शेवटी हा सारा भेद एका मराठी पंगतीत ठेवून पाहता येईल. पानात उकडीचे मोदक, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि वरणभात आहे. तांदळाची उकड, नारळ आणि गूळ यांचा मोदक तूप न लावता कोणालाही चालतो. अळूच्या भाजीतील शेंगदाणे, चणाडाळ आणि चिंच यांनाही कोणाची हरकत नाही. कोशिंबीर दह्याऐवजी लिंबू आणि दाण्याच्या कुटात कालवता येते, आणि ताकाच्या जागी नारळाच्या दुधाची सोलकढी वाढता येते. मग यजमानीण तुपाचे भांडे घेऊन येते, आणि दोन पाहुणे हात आडवा धरतात. पहिला पाहुणा डॉक्टरांच्या सल्ल्याने वनस्पतिप्रधान आहार घेत असेल, तर ‘अगदी चमचाभर’ या आग्रहाला तो मान देऊ शकतो. त्याचा हिशेब महिन्याचा आहे, आणि एका चमच्याने तो बिघडत नाही. दुसरा व्हीगन असेल, तर त्याच्या लेखी त्या चमच्यात गाय आणि तिच्यापासून दूर केलेले वासरू आहे, आणि तेथे थेंबाचा व वाटीचा फरक उरत नाही. पहिल्याला आग्रह करणे हा पाहुणचार आहे. दुसऱ्याला आग्रह करणे म्हणजे त्याला आपला शब्द मोडायला सांगणे आहे. म्हणून तुपाचे भांडे पुढे करण्यापूर्वी, दूध का सोडले एवढे आपुलकीने विचारून घेतले, तर दोघांच्याही पानाचा मान राखला जाईल.